टोनीज चॉकलोनली आणि फेअरअफ्रिक: दोन चॉकलेटं, आणि त्यांचे पैसे नक्की जातात कुठे

नेदरलँड्सहून भारतात सुट्टीला जाणाऱ्या मराठी माणसाच्या बॅगेत टोनीज चॉकलोनलीचे दोन-चार जाडजूड बार हमखास असतात, लाल रॅपरवाला साधा मिल्क, केशरीवाला कॅरमेल-मीठवाला, आणि घरी वाटायला काढले की पहिला प्रश्न येतो की अगं हे तुकडे असे वेडेवाकडे का, एकाला केवढा मोठा आला आणि एकाला चिटुकला. तर हा रिव्ह्यू त्या टोनीजचा आहे आणि त्याच्या शेजारी ठेवून दुसऱ्या एका चॉकलेटचा, फेअरअफ्रिकचा, जे घानामध्येच बनतं. दोन्ही मी स्वतःचे पैसे देऊन घेतलेत, कुणी फुकट पाठवलेलं नाही. रिव्ह्यू लांब झालाय कारण नुसती चव सांगून हे दोन बार समजतच नाहीत, दोन्ही कंपन्या म्हणतात की आम्ही चॉकलेटच्या धंद्यातला अन्याय कमी करायला निघालोय, मग ते खरंच किती होतंय तेही बघायला नको का.

आधी चव सांगते. टोनीजचा लाल बार १८० ग्रॅमचा, कोको ३२ टक्के, जाड आणि गोड, दुधाळ, तोंडात बराच वेळ राहतो. मुलांना जाम आवडतो. मला गोडवा जरा जास्त वाटतो आणि हाताने तोडायला तो खरंच कठीण आहे, थंडीत तर सुरी घ्यावी लागते. केशरीवाला माझ्या मते त्यांचा सगळ्यात चांगला, मिठाचे कण मधेच लागतात ते मस्त. निळसर-हिरव्या रॅपरवाला डार्क बदाम आणि मीठ, तोही छान. किंमत दुकानाप्रमाणे बदलते पण सध्या चार-साडेचार युरोच्या आगेमागे, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत ती चांगलीच वाढलीय, त्याचं कारण पुढे येईलच.

फेअरअफ्रिकचा बार छोटा, ८० ग्रॅमचा, पातळ, तीन-साडेतीन युरोच्या घरात. म्हणजे ग्रॅमच्या हिशोबाने टोनीजपेक्षा बऱ्यापैकी महाग. मी ७० टक्के डार्क आणि ४३ टक्के मिल्क असे दोन्ही खाल्लेत. डार्कमध्ये घानाच्या कोकोची ती ओळखीची भाजकी, सरळ, पोटात उतरणारी चव आहे, उगाच आंबट नाही, कडूपणा पण बेताचा. मिल्कवाला तर फारच छान, दुधाचं चॉकलेट असूनही कोको लागतो, जे सुपरमार्केटच्या चॉकलेटात सहसा लागतच नाही. चवीत माझं मत सरळ फेअरअफ्रिकला.

आता ते वेडेवाकडे तुकडे. टोनीजवाल्यांनी ते मुद्दाम केलेत. चॉकलेटच्या धंद्यात पैसा असाच वेडावाकडा वाटला जातो, म्हणून बारचे तुकडेही सारखे नाहीत. आणि नीट बघितलं तर तो एक नकाशा आहे, बारची खालची कड म्हणजे विषुववृत्त, त्याच्या वर गिनीचं आखात, आणि मग डावीकडून आयव्हरी कोस्ट, घाना, टोगो आणि बेनिन एकत्र, नायजेरिया, आणि कॅमेरूनचा थोडा भाग. ही कल्पना मला मनापासून आवडते. आपण सगळ्यांनी शाळेत आफ्रिका म्हणजे नकाशावरचा एक मोठा ठोकळा म्हणून शिकलोय, आणि इथे एका चॉकलेटने मुलीला घाना कुठे आणि टोगो कुठे ते दाखवलं. जगातला ६० टक्क्यांच्या आसपास कोको नुसता आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो, तेव्हा निदान ते कुठे आहेत एवढं तरी माहीत असावं.

कंपनीची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. टेउन व्हॅन दे केउकेन नावाचा डच पत्रकार, टीव्हीवर खाण्याच्या वस्तूंच्या मागचं सत्य शोधणारा कार्यक्रम करायचा. त्याला कळलं की पश्चिम आफ्रिकेत कोकोच्या शेतांवर लहान मुलं राबतात, काही तर विकून आणलेली. मोठ्या चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये अमेरिकेत करारावर सह्या केल्या होत्या की बालमजुरीचे सगळ्यात वाईट प्रकार बंद करू, पण होत काहीच नव्हतं. मग या माणसाने कॅमेऱ्यासमोर चॉकलेट खाल्लं आणि सांगितलं की गुन्ह्यातून बनलेली वस्तू मी जाणूनबुजून विकत घेतली, तर मला पकडा, खटला भरा. त्याच्यातूनच पुढे २००५ च्या नोव्हेंबरमध्ये पहिले पाच हजार बार निघाले. टेउनचं इंग्रजीत टोनी, आणि या लढाईत एकटा म्हणून लोनली. आणि ती बालमजुरी संपलेली नाही हं, शिकागो विद्यापीठाच्या संस्थेचा २०२० चा अहवाल आहे, त्यात घाना आणि आयव्हरी कोस्टमध्ये कोकोच्या कामात १५ लाखांहून जास्त मुलं असल्याचं म्हटलंय. विळे-कोयते चालवणं, औषधं फवारणं, जड पोती वाहणं, असली कामं.

टोनीज काय करतं, तर ठराविक शेतकरी सहकारी संस्थांकडून थेट, दाणा कुठल्या शेतातून आला ते कळेल अशा पद्धतीने घेतं, सरकारी भावाच्या वर जास्तीचे पैसे देतं, जेणेकरून त्या कुटुंबाचं नीट भागावं, आणि पाच-पाच वर्षांचं वचन देतं. हे खरंच चांगलं आहे आणि इतर मोठ्या कंपन्यांनाही ते आपल्या साखळीत ओढतायत. याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण मी त्यांच्या रॅपरची मागची बाजू वाचली. चॉकलेट बनतं बेल्जियममध्ये. बनवून देते बॅरी कॅलेबो, जगातली सगळ्यात मोठी चॉकलेट बनवणारी कंपनी, मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये. याच कारणाने २०२१ मध्ये गुलामीमुक्त चॉकलेटच्या एका यादीतून टोनीजचं नाव काढलं गेलं होतं, टोनीजचं म्हणणं की आतून बदल करायचा तर मोठ्यांबरोबरच काम केलं पाहिजे आणि आमचे दाणे तिथे वेगळे ठेवले जातात. ते मला पटतं. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. दाण्याला भाव चांगला दिला, मान्य, पण भाजणं, दळणं, घोटणं, साचे, रॅपर, ब्रँड, जाहिरात, दुकान, हे सगळं युरोपातच राहिलं. आणि पैसा तर तिथेच आहे! साध्या चॉकलेट बारच्या किमतीतले साधारण सहा-सात टक्के शेतकऱ्यापर्यंत पोचतात असा अंदाज आहे. त्या सहाचे टोनीजने आठ केले, दहा केले, तरी उरलेले नव्वद कुठल्या देशात फिरतात? त्या नव्वदात पगार आहेत, इंजिनिअर आहेत, टॅक्स आहे, त्या टॅक्समधून शाळा आणि रस्ते आहेत.

अ‍ॅमस्टरडॅमला राहिलं की हे डोळ्याला दिसतं, आणि नाकालाही कळतं. अ‍ॅमस्टरडॅम हे जगातलं सगळ्यात मोठं कोकोचं बंदर, आणि झान नदीच्या काठाला वारा योग्य दिशेने असला की कोको भाजल्याचा वास हवेत असतो. इथे एक झाड कोकोचं नाही. तरी १८२८ मध्ये व्हॅन हाउटेन नावाच्या डच कुटुंबाने कोकोतलं लोणी दाबून वेगळं काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हा देश कोको दळतोय आणि आजही दळण्यात जगात पहिल्या-दुसऱ्या नंबरावर आहे. जर्मनीत कोकोचं झाड नाही आणि चॉकलेट निर्यातीत तो पहिला. टोनीजचं मोठं दुकान आहे ते बुर्स व्हॅन बेर्लाखेच्या इमारतीत, म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमचा जुना शेअर आणि धान्यबाजार जिथे भरायचा तिथेच तळघरात. (दुकान बघण्यासारखं आहे, स्वतःचा बार आणि रॅपर डिझाइन करून मिळतो, मुलांना घेऊन जा, शनिवारी मात्र जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते.)

आणि घाना? तिथे कोको आला १८७९ च्या सुमारास, तेतेह क्वार्शी नावाच्या लोहाराने फर्नांडो पो बेटावरून बिया आणून माम्पोंगला लावल्या असं सगळे मानतात. तीस-बत्तीस वर्षांत, १९११ पर्यंत, गोल्ड कोस्ट, म्हणजे तेव्हाचा घाना, जगात कोको पिकवण्यात पहिला. लहान शेतकऱ्यांनी केलं हे, मळेवाल्या गोऱ्या साहेबांनी नाही. आजही तिथे आठ लाखांच्या आसपास शेतकरी कुटुंबं कोकोवर आहेत, शेतं दोन-चार हेक्टरची. शेंगा कोयत्याने उतरवायच्या, फोडायच्या, दाणे केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायचे, मग बांबूच्या चटयांवर उन्हात वाळवायचे, रोज हाताने फिरवायचे. चॉकलेटची अर्धी चव तिथेच ठरते, आणि एवढं सगळं करून माल पोत्यात भरून जातो.

आता भावाचं. २०२३-२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत पाऊसपाण्याचा गोंधळ, झाडांना खोड सुजवणारा रोग, म्हातारी झाडं, घानात तर सोन्याच्या बेकायदा खाणींनी कोकोची शेतं खणून टाकली, पीक कोसळलं आणि मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला, त्याच वर्षी डिसेंबरात बाराच्याही वर. म्हणूनच तुमचं आमचं चॉकलेट महागलं. तुम्हाला वाटेल शेतकरी मालामाल झाला असेल. तर घानात भाव सरकारी मंडळ ठरवतं, कोकोबोड, १९४७ पासूनचं. ते पीक यायच्या आधीच माल विकून टाकतं, त्या सौद्यांवर २०२३-२४ च्या हंगामापर्यंत परदेशी बँकांकडून कर्ज काढायचं आणि त्या पैशातून शेतकऱ्याचा माल उचलायचं. भाव पडला तर शेतकऱ्याला संरक्षण, पण भाव चढला तर तो जुन्या सौद्यातच अडकलेला. सप्टेंबर २०२३ मध्ये ६४ किलोच्या पोत्याला १३०८ सेडी (सेडी म्हणजे घानाचं चलन) ठरले होते, आणि बाहेर बाजार आकाशाला भिडला तरी एप्रिलपर्यंत तोच भाव. मग काय, लोकांनी पोती रात्रीतून सीमेपलीकडे टोगोत नि आयव्हरी कोस्टमध्ये नेली. पुढे भाव वाढवून दिले पण तोवर रोगाने झाडंच गेली होती, विकायला पोती कमी. आणि २०२५ मध्ये जागतिक भाव परत निम्म्यावर आला. दुकानातल्या बारची किंमत त्या हिशोबात उतरलेली मला तरी दिसली नाही.

घाना आणि आयव्हरी कोस्ट या दोन देशांनी एकत्र येऊन प्रयत्नही केला होता. २०२० च्या हंगामापासून प्रत्येक टनामागे ४०० डॉलर जादा द्यायचे, ते थेट शेतकऱ्यासाठी. खरेदीदारांनी ते ४०० दिले खरे पण चांगल्या प्रतीच्या मालासाठी जो वेगळा प्रीमियम असायचा तो दाबून खाली आणला, अगदी शून्याच्याही खाली. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं. निम्म्याहून जास्त पीक या दोघांच्या हातात असूनही भाव त्यांच्या हातात नाही, याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

म्हणून फेअरअफ्रिकचं महत्त्व. हेंड्रिक रायमर्स नावाच्या जर्मन माणसाने २०१६ मध्ये ही कंपनी काढली, सुरुवातीला लोकांकडून पैसे गोळा करून, घानातल्याच दुसऱ्यांच्या कारखान्यात बनवून घेत होते आणि २०२० मध्ये सुहुमजवळ अमानासे गावात स्वतःचा कारखाना उभा केला, सोलरवर चालणारा. गाव म्हणजे राजधानी अक्रासारखं शहर नाही, कोकोच्या शेतांच्या मधोमध. दाणा ते रॅपर लावलेला बार, सगळं तिथेच. म्हणजे मशीन दुरुस्त करणारा तिथला, क्वालिटी तपासणारी तिथली, हिशोब बघणारा तिथला. माझ्यासाठी या रिव्ह्यूचा मुख्य मुद्दा हाच आहे, दाण्याला चार पैसे जास्त मिळाले की शेतकऱ्याचं घर चालतं, आणि कारखाना तिथे आला की त्याच्या मुलीला गावातच कोको सोडून दुसरी नोकरी मिळते.

मग सगळेच असं का करत नाहीत? मला आधी वाटायचं कस्टम ड्युटी. आणि ते खोटं नाही, युरोपात कोकोच्या दाण्यावर ड्युटी शून्य पण तोच दळून पेस्ट केला की सवलतीचा करार नसलेल्या देशांना ९.६ टक्क्यांपर्यंत, म्हणजे कच्चा माल आणा, पक्का आणू नका. पण घाना आणि आयव्हरी कोस्टशी युरोपचे २०१६ पासून वेगळे करार आहेत, त्यांना ती ड्युटी लागत नाही. तरी कारखाने कमी, आणि जे आहेत त्यातले बरेच त्याच मोठ्या परदेशी कंपन्यांचे, तेही दळण्यापुरते. खरी भिंत पैशाची आहे. डिसेंबर २०२२ मध्ये घानाने परदेशी कर्ज फेडणं थांबवलं, त्याच महिन्यात महागाई ५४ टक्के, आणि पुढच्या वर्षी तिथल्या रिझर्व्ह बँकेचा दर ३० टक्के. आता विचार करा, तेव्हा अमानासेच्या कारखानदाराला मशीनसाठी कर्ज तीसच्या वर आणि बेल्जियमच्या कारखानदाराला चार-पाच टक्क्यांनी मिळत होतं. शिवाय उन्हात वितळणारा माल, तर एसी आणि थंड कंटेनर हवा, साखर आणि दूध पावडर तर बऱ्याच अंशी बाहेरूनच येते. ८० ग्रॅमचा बार ग्रॅमच्या हिशोबाने टोनीजपेक्षा महाग का पडतो ते इथे आहे. त्यामुळे फेअरअफ्रिक महाग आहे म्हणून रागावू नका, त्यातला थोडा भाग गरीब देशाला महाग पडणाऱ्या व्याजाचा आहे.

मी सिंधुदुर्गातली, त्यामुळे हे वाचताना मला सारखा काजू आठवत होता. आमच्याकडच्या काजू कारखान्यांना कोकणातली काजू बी वर्षभर पुरत नाही, मग आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानियाहून कच्ची बी येते, कारखान्यात फोडून, सोलून, ग्रेडिंग करून, ३२०, २४० असे आकाराचे नंबर लावत गर विकला जातो. कच्चा काजू पिकवण्यात जगात पहिला कोण, तर तोच आयव्हरी कोस्ट, आणि त्याची बहुतेक बी वर्षानुवर्षं व्हिएतनाम आणि भारतात जात आलीय. म्हणजे चॉकलेटमध्ये युरोप ज्या जागी बसलाय, काजूत त्याच जागी आपण बसलोय. आमच्या मामींच्या वाडीतल्या कितीतरी बायकांचा संसार त्या सोलणीवर चाललाय, ते काम गेलं तर काय होईल हे मला माहितीय. पण बेनिनने २०२४ च्या एप्रिलपासून कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी घातली, आयव्हरी कोस्ट सरकार तिथल्या कारखान्यांना अनुदान देतं, आणि मला ते बरोबरच वाटतं. सोलणीची मजुरी तिथल्या बायकांना का मिळू नये? आपल्या कोकणातला शेतकरी पण बाहेरच्या बीमुळे भाव पडतो म्हणून हमीभाव मागतोय, त्यालाही कच्च्या मालापुरतंच धरून ठेवलंय. गावागावात छोटे कारखाने, स्वस्त कर्ज आणि स्वतःचा ब्रँड हे अमानासेला हवं आहे तसंच सावंतवाडीलाही हवं आहे. या दोघांना एकमेकांचं शत्रू करून काही मिळणार नाही.

बरं, निकाल. चवीला टोनीजला पाचात साडेतीन, केशरीवाल्याला चार. हेतूला आणि कामाला चार, कारण त्यांनी लाखो लोकांना हा विषय घराघरात नेऊन पोचवला, एका रॅपरने एवढं केलेलं मी दुसरं बघितलेलं नाही. पण जोवर चॉकलेट बेल्जियममध्ये बनतंय तोवर पाच देणार नाही. टोनीजवाल्यांकडे आता एवढा खप आहे की एक तरी फ्लेवर घानात किंवा आयव्हरी कोस्टच्या आबिजानला बनवून आणणं त्यांना जमायला हवं, आणि मी हे त्यांना लिहूनही कळवलंय. फेअरअफ्रिकला चवीला साडेचार, कामाला पाच, किंमत आणि मिळण्याची सोय याला तीन, कारण इथल्या नेहमीच्या सुपरमार्केटात दिसत नाही, मी जर्मनीतल्या बायो दुकानातून आणते. पॅकिंग पातळ आहे, बॅगेत कपड्यांच्या मधे ठेवा नाहीतर तुकडे होतात.

भारतात न्यायचं असेल तर एप्रिल-मेमध्ये दोन्ही नेऊ नका, मुंबई एअरपोर्ट ते कोकण गाडीत सगळं मऊ होतं, दिवाळी ते फेब्रुवारी उत्तम. आणि फ्रिजमध्ये ठेवलं तर डब्यात घट्ट बंद करून, नाहीतर पांढरी झाक येते आणि फोडणीचा वास लागतो.

अक्राला कामासाठी जाणारं कुणी असेल तर '५७ चॉकलेट नावाचा तिथलाच ब्रँड बघा, अ‍ॅडिसन आडनावाच्या दोन बहिणींनी २०१६ मध्ये सुरू केलाय, नाव घानाच्या स्वातंत्र्याच्या वर्षावरून, १९५७. मला अजून खायला मिळालेलं नाही. आणि पुण्या-मुंबईत आफ्रिकेत बनलेलं, नुसता आफ्रिकेचा कोको असलेलं नव्हे, चॉकलेट कुठे मिळत असेल तर दुकानाचं नाव खाली नक्की टाका, पुढच्या वेळी आले की घेईन.